कारखाना आणि घर यांमधील अंतर

शहराचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्याच्या वास्तूंचा इतिहास सांगतो. किल्ला कोणी बांधला, देऊळ कोणी उभारले, राजवाडा कोणत्या साली पुरा झाला, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु दोन वास्तूंच्या मध्ये जी जागा मोकळी ठेवली गेली, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. मोकळ्या जागेवर शिलालेख नसतो. तरीही एखादी जागा मोकळी का ठेवली, कोणी ठेवली आणि पुढे ती कशी भरून गेली, हे पाहू लागले म्हणजे त्या शहराने आपल्या माणसांची किती काळजी वाहिली, याचा बराचसा अंदाज येतो. आज ज्या मोकळ्या जागेविषयी मी बोलणार आहे, ती कारखाना आणि घर यांच्या मधली आहे. आणि त्यासाठी शहर निवडले आहे ते बंगळूर.

बंगळूरच का, असे कोणी विचारील. एक तर मराठी माणसाला हे शहर परके नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने ते घेतले आणि पुढे शहाजीराजांची ती जहागीर झाली. तेथील काडु मल्लेश्वराच्या देवालयास व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव इनाम दिल्याचा लेख आजही दाखवितात. मैसूर राज्यात उद्योगांचा पाया घालणारे सर विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि त्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या चाकरीत गेली. विमानांचा कारखाना तेथे नेणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. उद्यानांचे शहर आणि उद्योगांचे शहर अशी दोन्ही बिरुदे बंगळूरने एकाच वेळी मिरविली. ही दोन बिरुदे एकत्र नांदतात की नाही, याची परीक्षा त्या मधल्या जागेतच होते.

धूर, दुर्गंधी आणि आग यांना घरापासून दूर ठेवावे, हा विचार काही आजचा नाही. आपल्या खेड्यांत कुंभाराची भट्टी वस्तीच्या कडेला असे आणि कातडी कमावण्याचे काम गावकुसाबाहेर चाले. परंतु या व्यवस्थेतला दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. दूर ठेवायचे होते ते काम. प्रत्यक्षात दूर ठेवली गेली ती माणसे. कातडे कमावणारा काम आटोपून गावात राहावयास येऊ शकत नव्हता. त्याचे घरही त्या दुर्गंधीतच असे. गावाला अंतराचा लाभ मिळाला आणि त्याची किंमत मात्र त्याने मोजली. अंतराच्या नियमाचा विचार करताना हा प्रश्न सतत जवळ बाळगावा लागतो: हे अंतर कोणाच्या संरक्षणासाठी, आणि कोणाच्या जिवावर?

अंतराला कायद्याचे रूप प्रथम युरोपात आले. १८१० च्या ऑक्टोबरात नेपोलियनने एक फर्मान काढून फ्रान्समधील उपद्रवी कारखान्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातील कारखाने वस्तीपासून दूरच असले पाहिजेत. दुसऱ्या वर्गातील वस्तीजवळ चालतील, पण शेजाऱ्यांना उपद्रव होणार नाही याची खात्री झाल्यावर. तिसऱ्या वर्गातील वस्तीत राहिले तरी हरकत नाही, मात्र त्यांवर देखरेख हवी. उद्योगाचा उपद्रव किती, हे पाहून त्याची जागा ठरवावी, हे तत्त्व येथे मांडले गेले. पुढे १८९८ साली एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने उद्याननगराची कल्पना मांडली. तीत घरे, बागा, कारखाने आणि सभोवतालची शेते यांच्या जागा आधीच आखून ठेवलेल्या होत्या. त्या कल्पनेचा प्रभाव हिंदुस्थानातील नगररचनेवरही पडला.

आता बंगळूरकडे वळू. १५३७ साली केम्पेगौडाने वसविलेली पेठ धंद्यांवर उभी होती. अक्किपेटेत तांदूळ, बळेपेटेत बांगड्या, कुंबारपेटेत कुंभार आणि गाणिगरपेटेत तेली, अशी तिची वाटणी होती. आपल्या पुण्यातील तांबट आळी किंवा बुरूड आळी डोळ्यांपुढे आणली म्हणजे ती व्यवस्था सहज कळते. येथे घर आणि कारखाना यांमध्ये अंतर नव्हते. घर हाच कारखाना होता. हाताच्या बळावर आणि बैलाच्या घाण्यावर चालणाऱ्या धंद्यांना ते शोभून गेले.

या पेठेभोवती दुसरीही एक मोकळी जागा होती, आणि ती पाण्याची होती. बंगळूर सुमारे नऊशे मीटर उंचीच्या एका पठारावर वसले आहे आणि त्याच्या जवळून मोठी नदी वाहत नाही. म्हणून पाऊस अडविण्यासाठी तलावांच्या माळा रचल्या गेल्या. वरचा तलाव भरला की सांडवा खालच्या तलावात जाई. तलावाचा काठ आणि दोन तलावांमधला ओढा मोकळा ठेवणे ही कोणाची हौस नव्हती. ओढ्यावर कोणी घर बांधले असते तर खालच्या गावाचे भात वाळले असते. त्यासाठी गावोगाव नीरगंटी नावाचा सेवक असे. पाणी सोडणे, वाटणे आणि पाट राखणे हे त्याचे काम. मोकळ्या जागेला काम होते आणि तिला राखणदार होता, एवढे येथे ध्यानात ठेवू.

१८०९ साली इंग्रजांनी पेठेच्या ईशान्येस लष्कराची छावणी वसविली. पेठ आणि छावणी यांच्या मध्ये १८७० साली रिचर्ड सँकी यांनी एक विस्तीर्ण बाग आखली. पुढे ती कब्बन पार्क या नावाने प्रसिद्ध झाली. या अंतरात राज्यकर्ता आणि प्रजा यांमधला दुरावा मिसळलेला होता, हे खरे. पण त्या रिकाम्या जागेला बागेचे काम मिळाले. लोक तेथे फिरावयास जाऊ लागले, तिच्याशी त्यांची माया जडली आणि १९७५ साली तिच्या रक्षणासाठी राज्याने कायदाही केला. इंग्रज गेले, छावणी आणि पेठ एक झाली, तरी बाग राहिली.

गिरण्या आल्या तेव्हा मात्र असा विचार झाला नाही. १८८४ साली बंगळूरची मोठी कापडगिरणी निघाली. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला कोळशासाठी रेल्वे हवी, पाण्यासाठी तलाव हवा आणि मजूर पायी येतील इतकी वस्ती जवळ हवी. म्हणून रेल्वे, पेठ आणि गिरण्या एकमेकींना खेटून वाढल्या. १८९८ साली प्लेग आला आणि दाटीची किंमत शहराला कळली. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती त्यानंतर झपाट्याने वाढल्या. तेथे ज्यांना जागा घेता आली ते दाटीतून सुटले. गिरणीच्या भिंतीशी राहणारा मजूर तेथेच राहिला.

यानंतर दोन गोष्टींनी चित्र पालटले. पहिली वीज. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांना मिळाली. तारेने शक्ती येऊ लागल्यावर कारखान्याने रेल्वेला आणि वस्तीला चिकटून राहण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे महायुद्ध. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. विमानांच्या कारखान्याला धावपट्टी लागते आणि धावपट्टीला मोकळे रान लागते. म्हणून तो शहराच्या पूर्वेस, वस्तीबाहेर गेला. त्याच सुमारास नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ओटो कोनिग्सबर्गर हे वास्तुविशारद मैसूर सरकारच्या चाकरीत होते. जमशेदपूरसाठी त्यांनी आखलेल्या योजनेत वस्त्यांच्या दरम्यान आणि कारखान्यांच्या बाजूने हिरवे पट्टे ठेवण्याचा विचार होता.

स्वातंत्र्यानंतर हीच रीत पुढे चालली. १९४८ साली दूरध्वनींचा कारखाना, १९५३ साली यंत्रहत्यारांचा आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, असे सरकारी कारखाने शहरापासून दूर दूरवाणीनगर आणि जलहळ्ळी येथे उभे राहिले. प्रत्येकाची स्वतंत्र वसाहत होती. घरे होती, शाळा होती, दवाखाना होता, आणि कारखान्याभोवती झाडांचा रुंद पट्टा होता. हे अंतर टिकले, आणि त्याचे कारण साधे आहे. कारखाना, घरे आणि मधली जमीन या तिघांचाही मालक एकच होता. मधली जागा विकून फायदा करून घेण्याची त्याला घाई नव्हती, आणि घरापासून कामापर्यंत जाण्याचा कामगाराचा भार तोच उचलीत होता.

सामान्य उद्योगाची गोष्ट निराळी. १९४९ साली राजाजीनगरच्या औद्योगिक उपनगराची कोनशिला बसविण्यात आली. पुढे १९७० नंतरच्या काळात पीण्या येथे लहान उद्योगांची प्रचंड वसाहत वाढली. येथे शेकडो मालक, लहान लहान भूखंड आणि प्रत्येकाच्या हाती मोजके भांडवल. अशा ठिकाणी अंतराचा नियम कसा लागू होतो, हे थोड्या हिशेबाने पाहू. बंगळूरात तीस फूट बाय चाळीस फूट हा भूखंड सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे क्षेत्र १,२०० चौरस फूट. चारही बाजूंनी पाच पाच फूट सोडले तर वीस बाय तीस, म्हणजे ६०० चौरस फूट उरतात. अर्धी जमीन गेली! उलट दहा एकरांच्या चौरस भूखंडाची बाजू ६६० फूट असते. तेथे चहूकडून पन्नास फूट सोडले तरी सुमारे बहात्तर टक्के जागा हाती राहते. दसपट अंतर सोडूनही मोठ्याचे फारसे बिघडत नाही आणि लहान मात्र निम्म्याने मरतो. म्हणून लहान कारखानदार त्या पाच फुटांवर पत्रा टाकतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण ती पाच फुटांची बोळ आगीच्या वेळी माणसांना बाहेर पडण्यासाठी असते, हे त्याला आणि त्याच्या कामगाराला आग लागेपर्यंत आठवत नाही. लहान भूखंडांच्या वसाहतीत मोकळी जागा प्रत्येकाच्या पदरातून तुकड्यातुकड्याने न मागता सर्वांच्या मिळून एकत्र राखावी, हा या हिशेबाचा सरळ अर्थ आहे.

शिवाय अंतर सर्व उपद्रवांवर सारखेच उपयोगी नसते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. तेथे अंतर हे खरे औषध आहे. धूर वाऱ्यावर जातो. बंगळूरात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात पूर्वेकडून. म्हणजे कारखाना कोणत्याही दिशेला ठेवला तरी वर्षातून काही महिने त्याचा धूर शहराकडेच येणार. हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत सरपटत सखल वस्तीत शिरतो. आणि पाणी तर नकाशावरची रेघ मुळीच मानीत नाही. ते उताराने जाते. पीण्याचे सांडपाणी वृषभावतीच्या ओढ्यात उतरले आणि मैलोगणती दूर असलेल्या बैरमंगलच्या तलावापर्यंत पोहोचले. कारखाना आणि घर यांमध्ये अंतर होते, पण मधून ओढा वाहत होता.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळची दुर्घटना घडली. कारखान्याच्या दारासमोर गरिबांची वस्ती होती. वायूने पहिला घास तिचा घेतला. रिकाम्या जागेत प्रथम येतो तो गरीबच, कारण तेथे काम जवळ असते आणि भाडे परवडते. त्या रात्रीनंतर देशातील कायदे बदलू लागले. १९८५ साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने उद्योगांच्या जागांविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. महामार्ग व लोहमार्ग यांपासून अर्धा किलोमीटर, नदीच्या पूरक्षेत्रापासून अर्धा किलोमीटर आणि मोठ्या शहराच्या भावी हद्दीपासून पंचवीस किलोमीटर, अशी अंतरे तीत होती. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्याची जागा आधी तपासणाऱ्या समितीची तरतूद झाली.

पुढे जुलै १९९१ चे औद्योगिक धोरण आले. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत नवे उद्योग, आधीच ठरलेली औद्योगिक क्षेत्रे वगळता, हद्दीपासून पंचवीस किलोमीटरांच्या बाहेर असावेत, असे त्यात म्हटले होते. मात्र इलेक्ट्रॉनिक्स, संगणक प्रणाली आणि मुद्रण यांसारख्या प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांना त्यातून सूट होती. कालांतराने ही अटही उठली. पण बंगळूरच्या दृष्टीने तिच्यातील सूट हीच खरी ऐतिहासिक गोष्ट ठरली. ज्या उद्योगाला धुराडे नाही त्याला अंतर कशाला, असा तो विचार होता. धुरापुरता तो बरोबरही होता. परंतु हजारो माणसे एका इमारतीत आणणारा उद्योग धूर सोडीत नसला तरी पाणी मागतो, सांडपाणी सोडतो, रस्ते भरतो आणि जमीन झाकतो. आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूर तलावाच्या खोऱ्यात, बाह्य वळणरस्त्याच्या दुतर्फा, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बंगळूरच्या १९८४ च्या विकास आराखड्यात सुमारे १,२७९ चौरस किलोमीटरांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हरितपट्टा म्हणून दाखविला होता. १९९५ आणि २००७ च्या आराखड्यांनी शहराची हद्द त्यात पुढे पुढे सरकविली. त्या पट्ट्याला आराखड्यात रंग होता, पण जमिनीवर राखणदार नव्हता.

२००७ च्या आराखड्यात तलावांभोवती तीस मीटर आणि नाल्यांच्या प्रतीप्रमाणे पन्नास, पंचवीस व पंधरा मीटर अंतर ठरले होते. मे २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तलावांचे अंतर पंचाहत्तर मीटर केले आणि लहान नाल्यांचेही वाढविले. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भाग रद्द केला. कायद्याने ठरलेल्या आराखड्यात बदल करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, असा त्याचा आशय होता. दरम्यान शहराचे सांडपाणी पोटात घेतलेल्या बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे डोंगर येत होते आणि २०१७ व २०१८ साली तेथे आगही लागली. सप्टेंबर २०२२ च्या पावसात त्याच परिसरातील रस्ते बुडाले आणि संगणकांवर काम करणारे लोक ट्रॅक्टरमधून कचेरीला जाताना देशाने पाहिले. पाणी काही नव्या वाटेने आले नव्हते. नीरगंटी ज्या वाटेची राखण करी, तीच ती वाट होती. घरोघर नळाचे पाणी आल्यावर तलावांचे काम संपले, काम संपल्यावर राखणदार गेला, आणि राखणदार गेल्यावर जागा मोकळी राहिली नाही. धर्माम्बुधी तलावाच्या जागी बसस्थानक आणि संपंगी तलावाच्या जागी क्रीडागार झाले, ते याच क्रमाने.

हे बंगळूरचे झाले. पण महाराष्ट्राने त्याकडे तटस्थपणे पाहावे अशी आपली स्थिती नाही. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली तेव्हा आसपास बहुतेक माळरान होते. कारखाने जागचे हलले नाहीत. घरेच चालत त्यांच्यापाशी आली. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथे जे स्फोट झाले, त्यांत माणसे दगावली आणि भोवतालच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखान्याने घरापासून किती दूर असावे हे आपण लिहून ठेवले. घराने कारखान्यापासून किती दूर राहावे, हे तितक्या निश्चयाने सांगितले नाही. लग्नातला अंतरपाट मुहूर्त येताच दूर करायचा असतो. हा अंतरपाट तसा नाही. धोका असेतोवर तो धरूनच ठेवावा लागतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

पाच शतकांच्या या कहाणीतून मला दिसते ते असे. जी मोकळी जागा केवळ नकाशावर होती ती गेली. जिला काम होते आणि जिची काळजी वाहणारा कोणी होता ती राहिली, मग ते काम फिरायला येणाऱ्यांना सावली देण्याचे असो वा धावपट्टी राखण्याचे. म्हणून नवी औद्योगिक वसाहत आखताना किती मीटर सोडले एवढेच विचारून भागणार नाही. त्या मीटरांवर काय उगवेल, त्यातून कोणते पाणी वाहील, त्याची देखभाल कोण करील, आणि कामगाराला राहण्यासाठी त्या पट्ट्यापलीकडे परवडेल असे घर व तेथून कामावर येण्यासाठी वाहन आहे की नाही, हेही विचारले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही तर बाकीची सारी उत्तरे फुकट जातात. कारण राहायला दुसरीकडे जागा नसलेला माणूस त्या मोकळ्या पट्ट्यातच आपली चूल मांडणार. आणि मग त्याला अतिक्रमण करणारा म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.